खानदेशातलं ऊन आणि पाणी

जळगाव जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. लंडनमध्ये ६०० च्या आसपास. ज्या शहराची छत्री जगभर प्रसिद्ध आहे तिथल्यापेक्षा आपल्याकडे पाऊस जास्त, असं सांगितलं तर यावल-रावेरचा शेतकरी हसेल. आकडे मात्र खरे आहेत. लंडनचा पाऊस बारा महिने थोडाथोडा पडत राहतो आणि त्यावर ऊन बेताचं असतं. जळगावचा पाऊस चार महिन्यांत, त्यातही चाळिसेक दिवसांत उरकतो, आणि पुढचे आठ महिने सूर्य तो परत मागत बसतो. खानदेशच्या हवामानावर लिहिताना पाऊस एका रकान्यात आणि तापमान दुसऱ्या रकान्यात टाकायची आपल्याला सवय आहे. शाळेच्या भूगोलापासून ही सवय लागते. हे दोन रकाने एकत्र वाचल्याशिवाय इथली शेती, घरं, नद्या, भांडणं यातलं काहीच नीट उलगडत नाही, असं माझं मत आहे.

जगाच्या हवामानाची वर्गवारी करणाऱ्या व्लादिमिर क्योपेनला हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. कोरडा प्रदेश कोणता हे त्याने नुसत्या पावसावरून ठरवलं नाही. वर्षाच्या सरासरी तापमानाला २० ने गुणायचं, आणि पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत पडत असेल तर त्यात २८० मिळवायचे. येईल तितके मिलिमीटर पाऊस पडला नाही, तर प्रदेश कोरडा. जळगावचं सरासरी तापमान २७ अंशांच्या घरात आहे. २७ गुणिले २० म्हणजे ५४०, अधिक २८०, एकूण ८२०. पाऊस ७०० च्या आत. म्हणजे जळगाव अर्धशुष्क ठरतं. धुळे जिल्ह्यात पाऊस साडेपाचशेच्या आसपासच, त्यामुळे तिथे तर शंकाच नको. लंडनचा पाऊस बारमाही असल्याने तिथे मिळवायचा आकडा लहान असतो, ही रेघ ३६० च्या आसपास येते आणि ते शहर आरामात वर राहतं. पाठ्यपुस्तकं मात्र सगळ्या खानदेशाला ‘उष्णकटिबंधीय मोसमी’ या एका नावाखाली घालून मोकळी होतात.

कोरड्या आणि ओल्या प्रदेशातली ही रेघ जुन्या धुळे जिल्ह्याच्या मधून जाते. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला, तोवर नवापूर आणि शिंदखेडा एकाच जिल्ह्यात होते. नवापूरला सह्याद्री आणि गुजरातच्या बाजूने येणारा पाऊस हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. तिथे भात पिकतो, साग वाढतो. शिंदखेड्यात त्याच्या निम्माच पाऊस. साक्री तालुका तर एकट्यातच दोन प्रदेश बाळगून आहे. पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरात भाताची खाचरं दिसतात, आणि पूर्वेला येईपर्यंत बाजरी सुरू होते. अशा तालुक्याची ‘सरासरी’ सांगणारा तक्ता नेमकं कोणाचं हवामान सांगतो, हा प्रश्नच आहे.

हवामानाचा जुना पुरावा हवा असेल तर खानदेशातल्या गावांची छपरं पाहावीत. कोकणात उतरती कौलं, इथे धाब्याची घरं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं टाकून थापलेलं मातीचं सपाट छप्पर. सततचा मुसळधार पाऊस असता तर हे छप्पर दोन पावसाळेही टिकलं नसतं. पाऊस थोडा आणि ऊन फार, म्हणून माती परवडली. दिवसाची उष्णता भिंतीत मुरेपर्यंत संध्याकाळ होई आणि रात्री सगळं घर धाब्यावर झोपायला जाई. याच उन्हात बिबडे, कुरडया, पापड, वड्या वाळतात. वर्षभराचं वाळवण चैत्र-वैशाखात उरकतं. आता धाब्याच्या जागी सिमेंटचे स्लॅब आणि पत्रे आले. स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता आत सोडत राहतो. तापमापकात पारा तोच असला तरी घरातला उन्हाळा आता जास्त कडक झाला आहे, आणि हे सरकारी नोंदीत कुठेच दिसत नाही.

एवढा उन्हाळा कशामुळे? सातपुडा उत्तरेला, सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा दक्षिणेला आणि मध्ये तापीचं खोरं. हे खोरं नदीने नुसतं कोरून काढलेलं नाही; नर्मदा-तापीच्या पट्ट्यात भूकवच तडकून खाली खचलं, त्यातून ते घडलं. त्यामुळे जळगाव-भुसावळ समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहेत, तर नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे-सहाशे मीटरवर. कोरडी हवा खाली उतरली की दर शंभर मीटरला साधारण एक अंशाने तापते. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला येताना गाडीच्या खिडकीतून लागणाऱ्या झळा हे गणित तोंडीच सोडवून देतात. त्यात बेसॉल्टचा काळा खडक आणि काळी माती ऊन पिऊन घेतात. समुद्र दूर. आणि २१ अंश अक्षांशामुळे सूर्य मेच्या शेवटच्या आठवड्यात थेट डोक्यावर येतो. पंचांगात रोहिणी नक्षत्र लागतं तेही याच सुमारास. सूर्य दुसऱ्यांदा डोक्यावर येतो जुलैच्या मध्याला, पण तेव्हा ढग असतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मेमध्ये ४२-४३ असलेलं कमाल तापमान जुलैअखेर ३२-३३ वर येतं, सूर्य जवळपास तिथेच असूनही. पाऊस इथे पाण्याइतकंच सावलीचंही काम करतो. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की पारा लगेच वर चढतो, पिकाला दोन्हीकडून मार बसतो.

भुसावळचा पारा हा तर दरवर्षीचा बातमीचा विषय. ४५-४६ चा टप्पा गाठला की वृत्तपत्रांत पहिल्या पानावर येतो. केंद्रीय जल आयोगाच्या नोंदीचा आकडा वेगळा, जळगावच्या वेधशाळेचा वेगळा आणि मोबाइलमधला तिसराच. खरा आकडा तो, जो जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत मोजलेला असतो. चौकातल्या काँक्रीटवर उभं राहून मोजलेले ४९ हे काँक्रीटचं तापमान. ते खोटं नाही, पण त्याची गेल्या वर्षीच्या नोंदीशी तुलना करून ‘विक्रम’ जाहीर करण्यात अर्थ नसतो.

हे ऊन कोरडं असल्यामुळेच सहन होतं. हवेत दमटपणा १५ टक्के असेल तर ४५ अंशांतही ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक २४ च्या आसपास दाखवतो. मुंबईत ३४ अंश आणि ७५ टक्के दमटपणा असताना तो ३० च्या घरात जातो. घाम वाळतो की नाही याचं खरं माप हे. म्हणून जळगाव-धुळ्यात कुलर हे घराघरांतलं यंत्र झालं. मृग लागून हवा दमट झाली की तोच कुलर खोलीत नुसता ओलावा वाढवतो आणि माणूस अधिकच चिकचिकतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस यायच्या आधी, पारा मेपेक्षा खाली असूनही जीव जास्त घुसमटतो तो यामुळे. उष्माघाताच्या सावधगिरीच्या सूचना एप्रिल-मेमध्ये मोठ्या आवाजात दिल्या जातात. या पंधरवड्यात त्या बंद झालेल्या असतात.

हिवाळ्यात हीच दरी उलट वागते. आकाश निरभ्र, हवा कोरडी, दिवसाची उष्णता रात्री निसटून जाते आणि डोंगरावरची गार हवा खोऱ्यात येऊन बसते. धुळ्यात किमान तापमान अनेकदा ५-६ अंशांपर्यंत उतरतं; राज्यातलं नीचांकी म्हणून धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाची नोंद डिसेंबर-जानेवारीत वारंवार झळकते. एकाच वर्षात ५ आणि ४५ अशी चाळीस अंशांची दरी. भरताच्या पार्ट्या याच थंडीत रंगतात. आसोद्या-बामणोदच्या वांग्यांना थंडीतच चव येते, असं इथला प्रत्येकजण सांगेल आणि त्यावर वाद घालू नये.

आता पावसाकडे. खानदेशात पाऊस कुठून येतो याचं उत्तर बहुतेकांच्या मनात ‘अरबी समुद्रातून’ असं असतं. ते अर्धंच बरोबर. नैऋत्येकडून आलेले ढग सह्याद्रीवर रिकामे होतात. पलीकडे उतरणारी हवा कोरडी असते. साक्रीच्या पठारावर ब्राह्मणवेलच्या परिसरात पवनचक्क्यांची रांग उभी आहे, ती याच वाऱ्यावर फिरते. वारा येतो, पाणी मागेच राहतं. खानदेशाला भिजवणारा मोठा पाऊस बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातून येतो. तिथे कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ओडिशा-छत्तीसगडवरून मध्य प्रदेशाकडे सरकतं, आणि त्याच्या दक्षिण कडेला तापीचं खोरं सापडलं तर दोन-तीन दिवस झड लागते. क्षेत्र जरा उत्तरेने गेलं की खानदेश कोरडा. मोसमात अशी क्षेत्रं किती येतात, कोणत्या वाटेने जातात आणि दोन क्षेत्रांमध्ये किती दिवस जातात, यावर सगळा हंगाम ठरतो. एकूण बेरीज सरासरीइतकी होऊनही तीन आठवड्यांच्या खंडात कापूस-मका करपल्याची वर्षं इथे कमी नाहीत.

नद्यांचं आणखी वेगळं. तापी मुलताईला उगवते, पूर्णा विदर्भातून येते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडतात ते बहुधा बैतूल, बऱ्हाणपूर, अकोला-अमरावतीकडच्या पावसाने. पाण्याबरोबर गाळही येतो आणि धरण बुजत चाललं आहे. गिरणा नाशिक जिल्ह्याच्या डोंगरांतून येते. गिरणा धरण १९६९ चं, नांदगाव तालुक्यातलं, उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी. त्यावर चाळीसगावपासून जळगावपर्यंतच्या गावांची तहान आणि रब्बी अवलंबून. त्यामुळे भडगाव-पाचोऱ्याचा शेतकरी आपल्या शिवारातल्या पावसाइतकीच कळवण-बागलाणच्या पावसाची चौकशी करतो. ‘आमच्याकडे पाणी पडलं, पण गिरणेला पूर नाही’ ही तक्रार बाहेरच्याला विचित्र वाटेल. इथे ती रोजची आहे.

पावसाच्या बेभरवशाचं उदाहरण म्हणून चाळीसगाव पुरेसं आहे. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे कन्नड घाट आणि पाटणादेवीच्या डोंगरांत कोसळधार पाऊस झाला. घाटात दरडी पडून धुळे-संभाजीनगर महामार्ग बंद झाला, तितूर आणि डोंगरी नद्या चाळीसगाव शहरात घुसल्या, घरं-दुकानं बुडाली, गुरं वाहून गेली. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, देशाच्या नोंदीतला १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट आला. त्या वर्षी राज्य सरकारने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात चाळीसगाव होता, शिंदखेडाही होता. एकाच तालुक्याचा पूर आणि दुष्काळ, तोही ऑगस्टचाच.

हे वाढतंय का? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. खानदेश त्या पट्ट्याच्या पश्चिम काठावर येतो. कारणही तापमानातच आहे: हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरायची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. भरायला वेळ जास्त, रिकामं व्हायला कमी. म्हणून खंड लांबतात आणि सरी जोरदार होतात. पण गावपातळीवर ‘हवामान बदललं’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं सगळंच या खात्यावर टाकता येणार नाही. दुष्काळ खानदेशाला नवा नाही. १८७६-७८, १८९९-१९००, १९७२ ही सालं इथल्या घराघरांत सांगितली जात होती. पूरही जुने: १८७२ मध्ये पांझरा आणि गिरणेच्या पुराने धुळ्यासह नदीकाठाची मोठी हानी केली. नदीपात्रात बांधकाम करायचं, नाले बुजवायचे आणि पूर आला की जागतिक तापमानवाढीकडे बोट दाखवायचं, ही सोय फार झाली.

पाण्याच्या जमेइतकीच त्याच्या खर्चाची बाजू महत्त्वाची, ती मात्र क्वचितच चर्चेत येते. मेमध्ये उघड्या पाण्यावरून रोज १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी उडतं. महिन्याला तीनशे. वर्षभराचं बाष्पीभवन पडणाऱ्या पावसाच्या दुपटीहून बरंच जास्त भरतं. म्हणजे उथळ तळं बांधून पाणी साठवणं हा इथे मोठ्या प्रमाणात ते सूर्याला देण्याचाच प्रकार आहे. पाणी जमिनीत लपवणं हाच शहाणपणा, आणि जुन्या शेतीने तो ओळखला होता. दादर ज्वारीचंच घ्या. तापीकाठच्या खोल काळ्या मातीत पावसाळाभर शेत मोकळं ठेवायचं, ओल मुरू द्यायची आणि पाऊस सरताना दादर पेरायची. पुढे एक थेंब पाणी न देता, मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर ती येते. अमळनेर-चोपड्याकडे आजही चोखंदळ माणूस भाकरीसाठी दादरच मागतो. पीक मागे पडलं, कारण एका पिकासाठी खरीप सोडणं आता कोणाला परवडत नाही.

त्याच्या बरोबर उलट टोक म्हणजे केळी. ही उष्ण आणि दमट प्रदेशातली वनस्पती, वर्षाला १,८०० मिलिमीटरच्या वर पाणी पिणारी. ७०० मिलिमीटरच्या अर्धशुष्क पट्ट्यात तिने राज्य करावं हेच आश्चर्य. रावेर, यावल, चोपडा, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भवरलाल जैन यांनी जळगावात उभ्या केलेल्या ठिबक सिंचनाच्या उद्योगाने आणि ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोपांनी यातला बराच मार्ग मोकळा केला. बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताची दाट कड, आत ठिबक, वर पानांचं छत. एप्रिलच्या दुपारी रस्त्यावरून बागेत शिरलं की हवा बदलते. शेतकऱ्याने आपल्या पाच एकरांपुरता दमट उष्णकटिबंध तयार केलेला असतो, सातपुड्याच्या पायथ्याखालच्या पाण्यावर. पण बाहेरचं हवामान आत डोकावतंच. थंडीत पारा ८-१० वर आला की वाढ थांबते, घड खोडात अडकतो. ४४-४५ मध्ये पानं करपतात, घड देठापासून निसटतात. पावसाळ्यात करपा, आणि मे-जूनच्या वादळात तासाभरात बाग आडवी.

म्हणूनच इथला केळी उत्पादक तापमापकाकडे जितक्या बारकाईने पाहतो तितकं क्वचितच कोणी पाहत असेल. हवामानावर आधारित फळपीक विम्यात थंडीच्या दिवसांत सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली गेलं तर भरपाई लागू होते. उन्हाळ्यातही अशीच मर्यादा. मोजणार ते महसूल मंडळातलं स्वयंचलित केंद्र. महावेध प्रकल्पात राज्यभर अशी दोन हजारांवर केंद्रं बसली. ८.१ आणि ८.० यातल्या फरकावर हेक्टरी हजारो रुपये ठरतात. केंद्र गावाच्या उंचवट्यावर, बाग नदीकाठच्या सखल भागात, जिथे रात्री गार हवा साचते. बागेत ७ आणि केंद्रात ९. मग मोर्चे, निवेदनं, उपोषणं. पावसाच्या बाबतीतही तसंच: चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटर नोंदले तर अतिवृष्टी. एका डोंगराआड ढग फुटला आणि मापक दुसऱ्या बाजूला असला तर कागदावर काही घडलेलंच नसतं. माझ्या मते खानदेशापुरता तरी मापकांची संख्या वाढवण्यावर आणि ते कुठे बसवायचे यावर होणारा खर्च हा नव्या धरणाइतकाच महत्त्वाचा आहे.

पाण्याच्या उपायांत पांझरा, कान, मोसम या नद्यांवरची फड पद्धत सर्वांत जुनी, काही शतकांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि लाभक्षेत्राचे फड पाडून एका फडात एकच पीक. पाटकरी, जागल्या, हवालदार गावानेच नेमलेले. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड पडीक ठेवायचे, हा नियम म्हणजे पावसाच्या अनिश्चिततेला दिलेलं थेट उत्तर होतं. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी-मोटारी आल्या, वाळू गेली, आणि बहुतेक फड मोडले.

शिरपुरात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी अमरीश पटेल यांच्या पाठबळावर नाले रुंद-खोल करून साखळीने बंधारे बांधले. तिथल्या विहिरींना पाणी आलं हे लोकांनी पाहिलं. मात्र शिरपूर गाळाच्या जमिनीवर आणि खडकावर अशा दोन्ही थरांवर वसलेलं आहे. तोच नमुना जिथे नुसता कठीण खडक आहे तिथे राज्यभर गिरवला की नुसतं खोदकाम उरतं. नाला प्रमाणाबाहेर खोदला तर शेजारच्या विहिरीचं पाणी त्यातच उतरतं. साक्रीतल्या बारीपाड्याने यंत्रांशिवाय हेच साधलं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी, दंड, पहारा. झाडांच्या सावलीत ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही आणि पाणी मुरायला वेळ मिळतो. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली.

सर्वांत मोठा डाव आहे तापी खोऱ्याच्या महापुनर्भरणाचा. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा खोल पट्टा आहे, त्याला बझाडा म्हणतात. केळीच्या कूपनलिकांनी तो वर्षानुवर्षं उपसला. तापीचं पुराचं पाणी खारिया गुटीघाटाजवळ अडवून महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या पायथ्याने कालव्यांतून नेऊन या पट्ट्यात मुरवायचं, अशी ही कल्पना. मे २०२५ मध्ये दोन्ही राज्यांनी त्यावर सामंजस्य करार केला. तत्त्व खानदेशाला साजेसं आहे, कारण पाणी उन्हापासून लपवलं जाईल. अडचण वेळेची आहे. पूर येतो तो मोसमातल्या मोजक्या दिवसांत, गाळाने भरलेला. आणि गाळाचं पाणी मुरवायला गेलं की काही वर्षांत तोच गाळ मुरण्याच्या वाटा बंद करतो. त्या मोजक्या दिवसांत किती पाणी, किती स्वच्छ करून, किती वेगाने आत घालता येईल, हे ठरल्याशिवाय कालव्यांची लांबी ठरवण्यात अर्थ नाही. हे पाणी मुरलं तरी त्याचा उपसा किती करायचा हे कोण ठरवणार, याबद्दल तर अजून कोणी बोललेलंही नाही. फडाच्या हवालदारासारखा माणूस बझाड्याला कधीच नव्हता.